मास्तरीणबाईंनी चुका काढणं सोडलं

ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. बायको म्हणाली, शेजारी म्हणाले, औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा न विचारता म्हणाला. लिफ्टवाल्यांचा मात्र एकावरही विश्वास बसेना, कारण मुलीने त्यांचं इंग्रजी सुधारणं सोडून दिलं होतं.

हा काय प्रकार आहे ते कळायला थोडं मागे जावं लागेल. लिफ्टवाले म्हणजे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले गृहस्थ. नुसता कान लावून कुठे काय घासतंय ते सांगायचे. पण काम झालं की रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा, असा कंपनीचा नियम होता आणि तिथे त्यांची गाडी अडायची. मुलगी शाळेत वरच्या वर्गात गेली तेव्हा एक दिवस त्यांनी रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. "बघ गं, काही चुकलंय का." काही? पोरीने लाल पेन घेतलं आणि कागदावर जागा म्हणून शिल्लक ठेवली नाही. दुसऱ्या एखाद्या बापाचं नाक फुगलं असतं. हे खूश! त्या दिवसापासून ती मास्तरीणबाई झाली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाची शाळा झाली.

"बाबा, कॉमा म्हणजे दम खायची जागा नाही," ती बजावायची.

"मग माणसाने दम खायचा कुठे?" हे विचारायचे, आणि ओट्याशी उभी असलेली आई दोघांनाही हसायची.

पुढे मास्तरीणबाई खरोखरच त्या धंद्यात पडल्या. दूरच्या शहरात एका प्रकाशकाकडे लोकांचं इंग्रजी तपासायची नोकरी, म्हणजे दिवसभर चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. ती गेली तरी शाळा बंद पडली नाही, मोबाइलवर भरू लागली. लिफ्टवाले रोज एखादं वाक्य इंग्रजीत लिहून पाठवायचे आणि ती कितीही कामात असली तरी ते सुधारून परत यायचं, सोबत एखादा टोमणा. 'कालच सांगितलं होतं ना?' किंवा 'हे वाक्य कुठल्या मजल्यावरून पडलं?' बापलेकीत 'कशी आहेस' आणि 'जेवलीस का' फारसं चालायचं नाही. जी काही माया होती ती या दुरुस्त्यांतून ये-जा करायची, आणि दोघांनाही ती पुरत होती.

मग हे हृदयाचं ऑपरेशन निघालं. मास्तरीणबाई ऑपरेशनच्या दिवशी सकाळी धावत आल्या, बाबांना घरी आणेपर्यंत थांबल्या आणि रजा संपली तशा परत गेल्या. ती गेली त्याच सकाळी लिफ्टवाल्यांनी मोठ्या उत्साहाने लिहिलं, 'आय ॲम टेक टॅब्लेट.' आणि चष्मा पुसून वाट बघत बसले.

उत्तर आलं. एक लाल बदाम. त्यातला लाल रंग तेवढा ओळखीचा होता.

असेल घाईत, त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'युवर मदर आर गिव्हिंग टी विदाउट शुगर.' त्यावर 'अरे वा, बाबा!' आणि आणखी बदाम. लिफ्टवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यालाही कारण होतं. एखाद्या इमारतीतली लिफ्ट फार जुनी झाली की कंपनीतून निरोप यायचा, आता हिच्यावर मेहनत नको, बदलायचीच आहे. मग ती पडणार नाही एवढंच बघायचं आणि बाकी सगळं सोडून द्यायचं. दार किरकिरलं तर किरकिरू दे, दिवा मिणमिणला तर मिणमिणू दे. आणि गंमत अशी, की त्या दिवसांत इमारतीतले लोक त्या लिफ्टशी फार प्रेमाने वागायचे. एरवी दार आपटणारेसुद्धा ते हळूच लावून घ्यायचे. लिफ्टवाल्यांनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्या बदामांचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी पोरीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं.

तरी खात्री करून घ्यावी, म्हणून त्यांनी मुद्दाम चुका करायला घेतल्या. जी गोष्ट जन्मभर आपोआप जमत आली ती ठरवून करायची म्हणजे भलतंच डोकं चालवावं लागत होतं. 'आय इज गुड.' त्यावर बदाम. 'यस्टरडे आय विल स्लीप.' त्यावर अंगठा. शेवटी त्यांनी असं एक वाक्य रचलं, की ज्यात शब्द कमी आणि कॉमाच जास्त. हे बघून तर पेटून उठेल, त्यांना वाटलं. उत्तर आलं, 'किती छान लिहिता बाबा!'

लिफ्टवाल्यांची पाचावर धारण बसली. मास्तरीणबाईंनी उभ्या जन्मात त्यांना छान म्हटलं नव्हतं.

तिथून त्यांनी हातपाय गाळले. डॉक्टरांनी चालायला बजावलं होतं, आधी फाटकापर्यंत आणि मग रस्त्यापर्यंत. असेच बसून राहिलात तर सुधारलेली तब्येत पुन्हा बिघडेल, असंही स्पष्ट सांगितलं होतं. हे खुर्चीतून उठेनात. बायकोने गोडीत सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. "चालून जायचंय कुठे?" म्हणायचे. उलट तिलाच बोलावून फ्यूज कुठला, पंपाचा व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरवायचा, कुठला पाना कशाला लागतो, हे समजावत बसायचे.

"मला कशाला सांगताय? तुम्ही आहात ना?"

"ऐकून ठेव गं. काही बिघडत नाही ऐकलं तर."

बायकोने ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि मुलीला फोन लावला.

मास्तरीणबाई सुट्टी बघून दुपारी येऊन थडकल्या. तिला दारात बघितलं आणि लिफ्टवाल्यांची उरलीसुरली शंका फिटली. पोरीला बोलावून घेतलंय, म्हणजे आता फार वेळ नाही. ती चपला काढून, हातपाय न धुताच त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, चालत का नाही तुम्ही?"

"आधी तू खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"चाला म्हणाले."

"ते मला. तुला काय म्हणाले?"

"तेच. बाबांना चालवा म्हणाले. सगळे रिपोर्ट चांगले आहेत, तुमच्यासमोरच तर बोलले ना!"

"खोटं बोलू नकोस!" लिफ्टवाल्यांचा आवाज चढला. "यस्टरडे आय विल स्लीप, असं लिहिलं मी. यस्टरडे! आणि तू मला अंगठा दाखवलास? तू? टाकायला काढलेल्या लिफ्टची किरकिर कोणी दुरुस्त करत नाही. मी जन्मभर तेच काम केलंय, मला शिकवू नकोस."

मग तिच्या लक्षात आलं आणि आधी तिला हसू फुटलं. ते हसू अर्ध्यातच मोडलं आणि तिने ओढणीत तोंड लपवलं.

"बाबा, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मला काय लिहिलं होतं, आठवतंय?"

आठवत होतं. बायको खाली औषधं आणायला गेली होती, पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता आणि पाय गार पडले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'आय ॲम फिअर'.

"मी कामात होते," ती म्हणाली. "बोटं आपोआप चालली. आय ॲम अफ्रेड, फुलस्टॉप राहिला, असं लिहून पाठवून दिलं. पाठवल्यावर वाचलं मी ते. तुम्ही एकटे पडून सांगताय, मला भीती वाटतेय, आणि मी फुलस्टॉप शोधत बसलेय. मला माझीच इतकी लाज वाटली, बाबा! त्यानंतर तुम्ही तेच वाक्य फुलस्टॉप देऊन परत पाठवलंत. मला वाटलं, रागावूनच पाठवलंत. तेव्हाच कानाला खडा लावला. म्हटलं, आता बाबा काहीही लिहू देत, चूक काढायची नाही."

लिफ्टवाले खुर्चीत पुढे सरकले.

"वेडी आहेस," ते म्हणाले. "अगं, त्या फुलस्टॉपवर तर मी रात्री झोपलो. इतकी भीती वाटत होती मला, की आईशीसुद्धा बोललो नव्हतो. आणि तुझं ते आलं. म्हटलं, ही अजून चुका काढतेय, म्हणजे उद्यानंतरही मला लिहायला लावणार आहे. जो राहणार नाही त्याचं इंग्रजी कोण सुधारत बसतं? फुलस्टॉप दिला, तुला पाठवला आणि डोळे मिटले."

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली आणि त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. असं त्यांनी ती लहान असतानाही फारसं केलं नव्हतं, त्यामुळे हात जरा अवघडूनच फिरत होता.

"म्हणजे तुमच्या या शाळेपायी," दारातून आवाज आला, "मी इतके दिवस व्हॉल्व्ह पाठ करत बसले होते?" बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. चिडली होती ती, पण डोळे तिचेही भरलेले होते.

मास्तरीणबाईंनी नाक पुसलं, पर्समधून मोबाइल काढला आणि कामाला लागल्या. लिफ्टवाल्यांच्या खिशातला फोन वाजू लागला तो थांबेचना. 'आय ॲम टेकिंग. काय हे?' 'मदर एकच आहे, आर कुठून आलं?' 'यस्टरडे आणि विल? वेळ जात नाही का घरी?' आणि सगळ्यात शेवटी, 'छान लिहिता म्हटलं ते साफ खोटं होतं. वाचवत नव्हतं.'

लिफ्टवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "माझ्या चपला कुठे ठेवल्यात?"

बरोबर कोणी यायचं नाही, असं त्यांनी दोघींना बजावलं. भिंतीला हात लावत, पायरीवर थांबत ते निघाले. इतके दिवस बसून काढल्यामुळे पायांत जोर नव्हता, फाटकापर्यंत पोचता पोचता छाती वरखाली होऊ लागली. फाटकाला टेकून त्यांनी फोन काढला आणि लिहिलं, 'आय हॅव, रीच, गेट.' या खेपेला चुका मुद्दाम केलेल्या नव्हत्या. दम लागला तिथे कॉमा पडला होता.

त्यांनी वळून बघितलं. मास्तरीणबाई खिडकीत फोन घेऊन उभ्या होत्या, आणि बोट स्क्रीनच्या वर नुसतंच अडलेलं होतं. ती धापा टाकणाऱ्या बापाकडे बघत होती. लिफ्टवाल्यांना वाटलं, आता ही पुन्हा बदाम पाठवते की काय!

फोन वाजला.

'रीच्ड. द गेट. दोन्ही कॉमा काढले. दम खायचा तर फाटक धरून खा.'

लिफ्टवाल्यांनी फाटक धरलं आणि सावकाश, पोटभर दम खाल्ला. मग कडी काढली आणि ते रस्त्याकडे निघाले.