मुलाखतीची भाषा: मराठी

फाइलमध्ये सहाशे बारा ओळी होत्या, एका बाईची एक ओळ. नाव, फोन नंबर, पत्ता आणि जन्मतारीख हे चार स्तंभ काढल्यावर एकोणचाळीस उरले होते. त्यांत वय, मुलं किती, नवरा कुठे नोकरीला, चंडीगडमध्ये येऊन किती वर्षं झाली, मूळ जिल्हा आणि मुलाखतीची भाषा. भाषेच्या स्तंभात ‘मराठी’ अकरा वेळा.

त्या अकराही मुलाखती मी घेतल्या होत्या. नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आलेल्या बायकांच्या मनःस्वास्थ्याचा हा अभ्यास. एम.एस्सी. झाल्यावर मी त्यात सहायक म्हणून लागले. प्रकल्पप्रमुख डॉ. नरेश सूद यांचा एक आग्रह मला मनापासून पटला होता: प्रत्येक बाईशी तिच्या घरच्या भाषेत बोलायचं. बंगाली बायकांकडे बंगाली मुलगी जायची, मल्याळी बायकांकडे मल्याळी, आणि मराठी बायकांकडे मी.

चित्राकाकू मूळच्या चंद्रपूरच्या. श्रीपादकाका विमा कंपनीत, घर सेक्टर ४३ मध्ये, बस स्टँडच्या मागे. प्रश्नावली हातात घेऊन मी मराठीत सुरुवात केली तशा त्या हसल्या. “चार वर्षं झाली पोरी. इथं रडायचं तरी हिंदीत रडा लागते,” म्हणाल्या. मग सत्ताविसाव्या प्रश्नाला त्या थांबल्या. गेल्या वर्षभरात जगणं नकोसं वाटलं का, असा तो प्रश्न. वाटलं होतं. त्यांनी स्वतःच डॉक्टर शोधले होते, गोळ्या चालू होत्या, आता बरं होतं. काकांना माहीत नव्हतं, मुलीलाही नाही. हे कुठे जाणार नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी संमतिपत्रातलं वाक्य मराठीत वाचून दाखवलं: तुमची ओळख गुप्त राहील.

जानेवारीत निष्कर्ष जाहीर झाले. पारदर्शकता म्हणून मूळ आकडेवारीही संकेतस्थळावर ठेवली गेली आणि सगळ्या सहभागी बायकांना दुवा पाठवला गेला. याला मंजुरी होती, रीतसर.

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू चित्राकाकूंकडे होतं. मी पोचले तेव्हा बाहेर धुकं होतं आणि आत हशा. चंडीमंदिर छावणीतल्या मीनाक्षीवहिनींनी, म्हणजे साताऱ्याच्या कर्नलीणबाईंनी, ती फाइल मोबाइलवरून टीव्हीवर लावली होती. भाषेत ‘मराठी’ निवडून अकरा ओळी काढल्या होत्या आणि प्रत्येकीने आपली ओळ ओळखायची, असा खेळ चालला होता. नाशिकच्या इंद्रायणीला आपलं वजन सापडलं होतं. “पाच किलो कमी सांगितलेत हं हिने,” मीनाक्षीवहिनी म्हणाल्या, “सरकारलाही फसवते.” सापडलेली ओळ त्या पिवळी करत होत्या.

मी बंद करा म्हणाले. दोनदा म्हणाले. “अगं ओजू, नाव कुठंय त्यात?” म्हणून त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

दहा ओळी पिवळ्या झाल्या, एक पांढरी उरली. चित्राकाकू आत चहा गाळत होत्या. कुणीतरी उत्साहाने मोठ्याने वाचायला घेतलं: चंद्रपूर, विमा कंपनी, एक मुलगी, चार वर्षं, मनासाठी औषध चालू, प्रश्न सत्तावीस, हो. वाचणारीचा आवाज शेवटच्या शब्दावर खाली आला. वहिनी टीव्ही बंद करायला उठल्या, पण रिमोट चटकन सापडला नाही.

जाई, काकूंची पंधरा वर्षांची मुलगी, सोफ्याच्या हातावर बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, ती उत्तर हिंदीत देते. ट्रे घेऊन काकू बाहेर आल्या तेव्हा तिने विचारलं, “मम्मी, ये आप हो?”

काकूंनी ट्रे ठेवला. सगळ्यांना चहा दिला. हळदीकुंकू लावलं, वाण दिलं, एकीलाही चुकवलं नाही.

पुढचं मला जाईकडून कळलं. त्याच रात्री गोष्ट श्रीपादकाकांपर्यंत गेली. ते ओरडले नाहीत. त्यांनी गोळ्या आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आता रोज रात्री ते एक गोळी हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोर उभे राहतात. चंद्रपूरच्या मामालाही फोन केला. जी बाई एकटी चालत दवाखान्यात जाऊन स्वतःला सावरून आली होती, तिच्यावर आता घर पहारा देत होतं.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मी सूद सरांसमोर उभी राहिले. ते शांतपणे म्हणाले, “नाम तो है ही नहीं उसमें.”

मी म्हणाले, हिंदी लिहिलेल्या तीनशे बायका गर्दीत आहेत, त्या लपतील. मराठी लिहिलेल्या अकरा जणींची संक्रांत एकाच खोलीत होते. या शहरात मराठी हाच त्यांचा पत्ता आहे, आणि तो आपण छापला. आपुलकीने बोलता यावं म्हणून नोंदवलेली भाषा आपण त्यांच्या दारावर पाटीसारखी लावली. सहा साधे स्तंभ जुळवले तर सहाशे बारांपैकी एकशे सत्त्याऐंशी बायका एकेकट्या पडतात, तशी दुसरी कुणी उरत नाही. हे मी रात्रीत मोजलं, ते प्रसिद्धीआधी कुणालाही मोजता आलं असतं. सत्ताविसाव्या प्रश्नाला मराठीत ‘हो’ म्हणणाऱ्या चार होत्या. चौघींच्याही ओळी त्या दिवशी टीव्हीवर होत्या. बाकी तिघींच्या कुणी वाचल्या नाहीत, एवढंच.

सरांनी आकडा पुन्हा तपासून घेतला. बरोबर आला. मग म्हणाले की समितीने मंजूर केलं होतं, निधी देणाऱ्यांची तशी अटच होती, आणि आजवर एकीचीही तक्रार आलेली नाही.

“तक्रार करायची तर आधी तिला नाव सांगावं लागेल, सर.”

संध्याकाळी फाइल उतरवली गेली. भाषा आणि जिल्हा काढून नवी चढवली. सहाशे बारा जणींना एक संदेश गेला, ‘तांत्रिक दुरुस्ती’ असा. मी त्यात ‘चूक’ आणि ‘क्षमस्व’ हे शब्द घालून दिले होते. दोन्ही गाळले गेले.

जुलैत दुसरी फेरी सुरू झाली. मी सगळ्यांच्या घरी पुन्हा गेले. चित्राकाकूंनी दार उघडलं, पंखा लावला, सरबत दिलं. जाईचे दहावीचे मार्क सांगितले. मी प्रश्नावली उघडली तेव्हा म्हणाल्या, “ओजू, हिंदीतच विचार.”

मी हिंदीत विचारलं. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, वीस मिनिटांत.

दुसऱ्या फेरीत अकरांपैकी नऊ जणी भेटल्या. दोघींच्या घरची बदली झाली होती. मुलाखतीची भाषा: हिंदी नऊ, मराठी शून्य. प्रश्न सत्तावीस: नाही नऊ, हो शून्य.