उजेडात धरलेला लिफाफा

मी एकतीस नंबरचा लिफाफा बोलतोय. लिफाफ्याने बोलू नये, हे मलाही कळतं. तोंड बंद ठेवणं एवढं एकच काम मला दिलं होतं. पण आता मला फोडून झालंय, तेव्हा कसली लपवाछपवी? ऐका तर.

मला भरलं एका बाईंनी, ऑफिसातल्या साध्या टेबलावर. काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. आत चिठ्ठी घालायची, तिच्या पुढेमागे काळा कागद लावायचा, म्हणजे बाहेरून काही दिसू नये, आणि मग चिकटवून वर नंबर टाकायचा. माझ्या वेळेला नेमका फोन वाजला. बोलणं आटोपून बाई आल्या आणि काळा कागद न घालताच मला चिकटवून मोकळ्या झाल्या.

आमचा उपयोग असा. रक्तात जंतू पसरलेल्या रोग्याला नेहमीची औषधं तर द्यायचीच. पण जोडीला एक जादा इंजेक्शन दिलं तर फायदा होतो की नुकसान, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचाच अभ्यास चालला होता. मोठ्यांच्या लिफाफ्यांचं खोकं वेगळं, नुकत्याच जन्मलेल्या बाळांचं वेगळं. घरच्यांनी सही केली की नंबराप्रमाणे पुढचा लिफाफा फोडायचा. आत 'द्यावे' निघालं तर इंजेक्शन द्यायचं, 'देऊ नये' निघालं तर नाही. डॉक्टरांची मर्जी तिथे चालत नसे. आपल्याला वाटेल त्याला देत सुटलं, तर खरं काय ते कधीच कळणार नाही.

माझा नंबर लागला तो एका दुपारी. तीन दिवसांची मुलगी, जेमतेम सव्वा किलोची. सकाळी बरी होती. दुपारपर्यंत अंग राखेसारखं पडलं आणि श्वास घ्यायचंच विसरायला लागली. डॉक्टरांनी तिला व्हेंटिलेटरवर घेतलं, औषधं सुरू केली आणि बापाला बोलावलं.

बापाची अवस्था काय सांगू! मुलीची आई खालच्या मजल्यावर, मोठ्यांच्या अतिदक्षता विभागात होती. तिलाही हाच आजार. दोन दिवसांपूर्वी तिचा लिफाफा फोडला, त्यात 'द्यावे' निघालं होतं. त्याच सकाळी तिचा ताप उतरला आणि तिने डोळे उघडले. डॉक्टरांनी बापाला सगळं नीट समजावलं. इंजेक्शन मिळेल किंवा मिळणार नाही, आणि कशात भलं आहे ते आम्हालाही ठाऊक नाही, असं सांगितलं. त्याने सही केली, पण पेन काही खाली ठेवेना.

"तिच्या आईला दिलंत ना डॉक्टर? मग हिलाही द्या. पाया पडतो तुमच्या."

डॉक्टर वयाने लहानच होते. त्यांनी मला खोक्यातून काढलं. सिस्टर बाळापाशी होत्या. डॉक्टर भिंतीवरच्या एक्स-रे बघायच्या दिव्याकडे गेले आणि मला त्याच्यावर धरलं.

माझी तर पाचावर धारण बसली. उजेड आरपार आला आणि माझ्या पोटातलं अक्षरन् अक्षर त्यांना दिसलं. 'देऊ नये.'

त्यांनी मला हळूच खोक्यात परत ठेवलं आणि बत्तीस नंबर उचलला. त्याचा काळा कागद जागच्या जागी होता. आत काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं, पण निदान 'द्यावे' निघण्याची आशा तरी होती.

"एकतीस ठेवून बत्तीस का घेतलात?" सिस्टर मागे उभ्या होत्या.

डॉक्टर ओशाळले. आईला गुण आलाय, तुम्ही बघितलंत ना, असं काहीतरी पुटपुटले.

"आईला गुण इंजेक्शनने आला की बाकीच्या औषधांनी, तुम्हाला ठाऊक आहे?" सिस्टरांचा आवाज चढला नव्हता. "मला नाही ठाऊक. आणि बाळाला ते सोसेल का, तेही नाही."

व्हेंटिलेटर फुसफुसत होता. डॉक्टरांनी बत्तीस नंबर खाली ठेवला, मला उचललं आणि फोडलं. माझ्या पाठीवर त्यांनी लिहिलं, 'उघडण्याआधी दिव्यावर धरून वाचला. चूक माझी.' खाली सही केली आणि वरिष्ठांना कळवलं. मग बाहेर जाऊन बापाला सांगितलं, इंजेक्शन नाही. बाप भिंतीला टेकून खालीच बसला.

पुढचे चार दिवस मी तिच्या काचेच्या उबदार पेटीजवळच्या फाईलमध्ये होतो. यंत्र जरा जोरात वाजलं की मला वाटायचं, संपलं. माझ्यातल्या दोन शब्दांनी पोरीचा जीव घेतला. दुसऱ्या दिवशी तिचं हृदय इतकं मंदावलं, की सिस्टर दोन बोटांनी तिची छाती दाबत राहिल्या. डॉक्टर घरी गेलेच नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मलाही वाटत होतं, सरळ बत्तीस नंबर फोडला असता तर?

पाचव्या दिवशी तिची श्वासाची नळी काढली. ती रडली. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा, पण सिस्टरांनी डोळे पुसले.

आठवड्याने आईला चाकाच्या खुर्चीतून वर आणलं. लेकीला तिने पहिल्यांदाच छातीशी धरलं. मग तिने माझी चिठ्ठी मागून घेतली आणि वाचली.

"मला दिलंत, हिला नाही दिलंत. आम्ही दोघीही वाचलो. मग त्या इंजेक्शनचं काय समजायचं?"

"म्हणून तर अजून पुष्कळ लिफाफे फोडायचेत, ताई," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या पेटीत नवं बाळ आलं. त्याचा बापही विचारत होता, इंजेक्शनने फायदा होईल ना, आणि डॉक्टर त्यालाही तेच सांगत होते, आम्हाला ठाऊक नाही.

आता माझी फाईल कपाटात जायची आहे. जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, आणि डॉक्टर म्हणाले, "आम्हाला ठाऊक नाही," तर त्यांच्यावर चिडू नका. ते म्हणणं त्यांना किती जड जातं, ते मी अगदी जवळून पाहिलंय.