दिवसाढवळ्या दिवा

आत्याने अर्धं आयुष्य परदेशात बातम्या गोळा करण्यात घालवलं. बंडं पाहिली, भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडला. मग एका दैनिकाची संपादक झाली आणि दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या खुर्चीत बसून तपासू लागली. आता ती कॉलेजात पत्रकारिता शिकवत होती. सख्खी भाची तिच्याच वर्गात. घरी ‘आत्या’, वर्गात ‘मॅडम’.

वर्गाच्या खिडकीतून समोरचं घड्याळांचं दुकान दिसे. शटर अर्धं खाली, धंदा बंद, तरी भर दुपारी आत दिवा! आत्याच्या डोक्यात तो भुंगा कधीचा गुणगुणत होता. शेवटी तिने वर्गालाच कामाला लावलं. “जा, शोधून काढा.”

पोरांनी कँटीनमध्ये बसूनच तर्क लढवले. कुणी म्हणालं जुगाराचा अड्डा, कुणी म्हणालं भूत. भाचीने मात्र सरळ जाऊन शटर वाजवलं.

“मॅडम, घड्याळवाल्याची बायको आत अंडी उबवतेय. बदकाची!”

“बदकाचीच का?”

“ते... विचारलं नाही.”

“आणि दुकानातच का?”

भाचीने जीभ चावली.

संपादक असताना आत्या अशी बातमी परत धाडायची. आज तिने पायात चपला सरकवल्या. “चल. मलाच राहवत नाहीये.”

दुकानात भिंतभर थांबलेली घड्याळं होती. टेबलावर दुरुस्तीचा दिवा आणि त्याखाली कापसात अंडी. मागच्या तळ्यावरून कुत्र्यांनी बदकीला पळवून लावलं, म्हणून बाईने तिची अंडी उचलून आणली होती.

“हे गेल्यापासून दुकान बंदच. पण यांचा दिवा मस्त तापतो,” ती म्हणाली.

आत्याने फरशीवरच बैठक मारली. अंडी फिरवावी लागतात का? आत जीव आहे हे कळतं कसं? प्रश्नांची नुसती सरबत्ती! बाईही खुलली. तिने एक अंडं अलगद दिव्यासमोर धरलं. आत काहीतरी हललं, तशी आत्या आणखी पुढे सरकली.

“पिल्लं तुम्हालाच आई समजली तर?” भाचीने विचारलं.

“मग काय, या वयात पोहायला शिकायचं!”

तिघी खळखळून हसल्या. तिकडे कॉलेजची घंटा झाली.

“मॅडम, पुढचा तास,” भाची कुजबुजली.

“सगळ्यांना इकडेच घेऊन ये,” अंड्यावरची नजर न काढता आत्या म्हणाली. “पाय न वाजवता या म्हणावं. एकाला तडा जातोय.”