मुकाशची तिरकी नजर

बिश्केकच्या डॉक्टरणीने डोळ्यात सुई टोचली तेव्हा आपण पापणीसुद्धा हलवली नाही, असं मुकाश आमच्या कोचकोर गावभर सांगत सुटला. पापण्या चिमट्याने धरलेल्या असतात, हे सांगायचं तेवढं राहून जायचं. दर खेपेला सुई बोटभर वाढायची. शेवटी शेवटी तर ती मांस भाजायच्या सळईएवढी झाली, आणि ऐकणारे चहा टाकून उठले.

खरी गोष्ट त्याने पोटात ठेवली. डॉक्टरीण म्हणाली होती, "आबा, औषधानं आतली रक्ताची गळती थांबली. पण दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध वण धरलाय, लोकर कुटून केलेल्या नमद्यासारखा घट्ट. नमद्याची परत लोकर होत नाही, ठाऊक आहे ना?"

तेव्हापासून तो ज्याच्याकडे बघेल तेच नाहीसं होई. डोंगराकडे बघावं, डोंगर गुल. मेलेल्या बायकोच्या फोटोकडे बघावं, तर नुसती चौकट. मान वळवून भलतीकडे बघितलं, की मात्र माणूस कडेने हळूच उगवायचा.

आता घरी यायची ती एकटी कालिपा, मागच्या गल्लीतली विधवा. सायीची वाटी आणायची, चहा ओतायची, गावाची उणीदुणी काढायची. तिचा चेहरा दिसावा म्हणून मुकाश खिडकीकडे तोंड करून डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला न्याहाळायचा. बाईकडे असं बघायचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, आणि तो विशीतल्या पोरांना शोभतो.

"मुकाशआके, मानेत उसण भरलीय का?"

"नाही गं."

"मग ही असली नजर? दाढी बघा जरा स्वतःची."

"दाढी पिकली. नजरेला कुठं केस असतात?"

ती हसली. दुसऱ्या दिवशी लाल रुमाल बांधून आली. मुकाश पोरासारखा खूश झाला. मग एके दिवशी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "उन्हाळ्यात मुलगा येतोय. तुमच्याबद्दल काय सांगू त्याला?"

मुकाशने पेला खाली ठेवला. आंधळ्याची काठी व्हायला ती तयार झाली होती, आणि समोरचा आंधळा आहे याचा तिला पत्ताही नव्हता.

"कालिपा, मला समोरचं दिसत नाही. डोळ्यात वण आहे. म्हणून तिरकं बघतो."

किटली टेकल्याचा आवाज आला.

"म्हणजे तो रोग होता."

"रोग मधे आहे गं. कडेनं बघायचो ते..."

"राहू द्या. मीच म्हातारी खुळी."

ती अजून येते. सायीची वाटी आणते. पण रुमाल करडा असतो, आणि आजाऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने बोलते. एकदा सवयीने त्याची मान वळली, तर ती तोंडावर रुमाल ओढून उठायलाच लागली.

"मान कशाला वळवता, आके? मी इथंच आहे, अगदी समोर."

मुकाश शहाण्यासारखा समोर बघतो. तिथून चहाचा भुरका ऐकू येतो.