कुलपाचं पोट

बाजारात तिला सगळे चिमटी म्हणायचे. बोटं तशीच होती, बारीक आणि कुठेही शिरणारी. जीभ त्याहून वाईट. नववीत एका मास्तरांशी वाजलं, तिने दप्तर उचललं आणि पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाही. आई आठवडाभर रडली. तेव्हा पाठीशी उभा राहिला तो फक्त मामा.

मामा किल्लीवाला. कानस हातात असली की त्याचं तोंड थांबायचं नाही, आणि विषय एकच: सरकार.

"घर ज्याचं, किल्ली त्याची," तो म्हणायचा. "सरकारने चोर पकडावा, मारामारी सोडवावी आणि घरी जावं. कोणी काय विकायचं, कोणी काय शिकायचं, तुझं काय जातंय रे? दोन शहाण्या माणसांचं आपसात ठरलं, तर तिसऱ्याने मध्ये तडमडायचं कशाला?"

"आणि रस्ता कोण झाडणार मामा?" शेजारचा चहावाला मुद्दाम काडी टाकायचा.

"ज्याच्या दारात कचरा तो! तू आधी तुझे कप उचल."

आईलाही त्याने असंच गप्प केलं होतं. "ताई, दाखला म्हणजे कागदावरचा शिक्का. कुलूप शिक्का विचारत नाही, हात विचारतं. पोरीचा हात बघ."

दोन वर्षांत चिमटीने मामाचा सगळा हुन्नर उचलला. वर मोबाईलवर बघून नवी कुलपंही शिकली, मामा ज्यांच्या वाटेला जात नसे ती. मग मामानेच तिला रस्त्यापलीकडे टपरी टाकून दिली. "माझ्या हाताखाली कशाला मरतेस? स्वतःची मालक हो." चिमटीला ते इतकं पटलं होतं, की गिऱ्हाइकांनाही ती मामाचं भाषण कानसेच्या तालावर ऐकवायची.

म्हणून त्या सकाळी नगरपालिकेचा माणूस कागद देऊन गेला, तेव्हा तिला आधी हसूच आलं. किल्ली बनवणाऱ्यांना आता परवाना लागणार. मामाला दाखवला की दिवसभर करमणूक, असं म्हणत ती वाचायला लागली.

पुढच्या महिन्यापासून परवान्याशिवाय धंदा बंद. परवान्याला दहावी पास हवं. तिचं हसू तिथेच गेलं. खाली तिसरं कलम: 'कुलपाचे पोट उघडणाऱ्या प्रत्येक कारागिराने...'

पोट?

तिने ते परत वाचलं. अख्खा बाजार आतला भाग म्हणायचा, शिकलेले लोक सिलिंडर म्हणायचे. पोट म्हणणारा जगात एकच माणूस होता. "याचं पोट बिघडलंय," असं म्हणत तो कुलूप कानाशी धरून हलवायचा. आणि शेवटचं कलम होतं, 'वीस वर्षे अनुभव असणाऱ्यास शिक्षणाची अट नाही.' बाजारात वीस वर्षं धंद्यात असलेला किल्लीवाला एकच. तोही आठवीत गटांगळी खाल्लेला.

ती रस्ता ओलांडून गेली ती गाड्यांकडे न बघताच.

"हे तू लिहून दिलंस?"

मामाने कानस थांबवली नाही. "नियम येणारच होता. त्यांनी जाणकार माणूस बोलावला. मी गेलो."

"दहावी कोणी घातली?"

"त्यांनी."

"आणि वीस वर्षं? तीपण त्यांनीच? तुझ्या धंद्याची वर्षं मोजून?"

चहावाला आज काडी टाकायला आला नाही. कप विसळत राहिला.

"अगं, लोक सगळे तुझ्याकडे यायला लागले," मामा हळू आवाजात म्हणाला. "आधी चिमटी, मग मी. मी काय करायचं?"

"नवी कुलपं शिकायची! मी शिकवली असती ना!"

"मी? तुझ्याकडून?"

म्हणजे एवढंच होतं. तिला वाटलं होतं, आत काहीतरी मोठं कारण निघेल.

"चोराला पकडायला सरकार, म्हणायचास. तू तर सरकारलाच हाताशी धरून माझ्या टपरीत शिरलास."

"तुझं काय बिघडणार आहे? माझ्या परवान्यावर काम कर. माझ्या हाताखाली. घरचीच तर आहेस."

तेवढ्यात औषधवाला धापा टाकत आला. दुकानाच्या काचेच्या दाराचं नवं कुलूप अडकलं होतं आणि पायरीवर गिऱ्हाइकं खोळंबली होती. "मामा, चला लवकर! लोक मला शिव्या घालतायत."

मामा पिशवी घेऊन निघाला. चिमटीही मागोमाग गेली, भांडण अर्धंच राहिलं होतं. मामाने तीन हत्यारं बदलली. कुलूप हललं नाही. मग मान वर न करता त्याने बारीक सळई मागे धरली, नेहमीसारखी, तिच्या हातात.

तिने ती घेतली. का घेतली, तिलाही सांगता आलं नसतं. खटका शोधला, दाबला, आणि दार उघडलं.

"वा गं पोरी!" औषधवाला म्हणाला. "मामा, तुमचा शागीर्द तयार आहे."

"मग? माझ्याच परवान्यावर काम करणार आहे ती," मामा हसून म्हणाला. किती सहज हसला.

चिमटीने दार ओढून घेतलं. सळई उलटी फिरवली. आत खट्ट वाजलं आणि कुलूप पुन्हा पहिल्यासारखं अडकून बसलं.

"अगं ए! काय केलंस?" औषधवाला ओरडला. "माझी औषधं आत आहेत!"

"परवाना यांच्याकडे आहे काका. उघडतील."

सळई तिने मामाच्या पिशवीत टाकली. ती बघत उभी राहिली. मामा एकदा तिच्याकडे बघून काही बोलला असता, शिवी दिली असती, तरी चाललं असतं. मामा गुडघ्यांवर बसला, डोळा कुलपाला लावला आणि म्हणाला,

"जरा बाजूला हो. उजेड अडवतेयस."