छापील वाघाची गोधडी

"वाघ पोरना डोकाकडे नको, हलीमा. पायकडे घे."

"छापेल वाघ शे, धनुबाई. त्याले उठाडीसन कोठे बसाडू?" हलीमाने कापड झटकून ओसरीवर पसरलं.

धनुबाई कळसाडी गावच्या. त्यांच्या मुलाने, लोटनने, सारंगखेड्याच्या जत्रेतून हे गिरणीचं कापड आणलं होतं. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा शहाद्यात असलं छापील कापड नवलाईचं होतं. चौकोनाचौकोनांत हत्ती, उंट, मोर, हरीण, आणि मधोमध वाघ, मिशा पिळून बसलेल्या पाटलासारखा. हलीमाला हसूच आलं. तिचा नवरा सलाउद्दीन पिंजारी कापूस पिंजायचा आणि ती रजया-गोधड्या शिवायची. जन्मभर चिंध्या जुळवून डोळे शिणवलेल्या बाईला हे काम म्हणजे निव्वळ पोरखेळ होता. खाली अस्तर, मध्ये कापूस, आणि चौकटींच्या रेघांवरून दोरा घालत जायचं, संपलं.

अस्तराचं कापड मात्र धनुबाईंनी गाठोड्यात बांधून आणलं होतं, आणि त्यावरून त्यांचा हात हलत नव्हता. त्यांच्या सुनेची, कौसाबाईची, दोन लेकरं रांगायच्या आत गेली होती. आता तिसऱ्याचे दिवस भरत आले होते. अशा घरी तान्ह्याच्या अंगाला नवं कापड लागू देत नाहीत. ज्या बायांची सगळी लेकरं नांदती आहेत, त्यांच्याकडून जुनेर मागून आणायचं आणि बाळाला त्यावर निजवायचं, म्हणजे ते टिकतं. एरवी तोऱ्यात चालणाऱ्या धनुबाई या जुनेरासाठी दारोदार पदर पसरून आल्या होत्या.

"एक बाजूले प्राणी, दुसरी बाजूले हाई जुनेर. पोर जुनेरवरच निजाले पाहिजे, ध्यानमा ठेव."

"ठेवस ना माय. किती डाव सांगशी?"

हलीमाने जुनेराचे तुकडे शेजारी शेजारी लावून पाहिले. एका कडेला वीतभर कमी पडत होतं. कमी पडलं की घरातलं धडोतं जोडायचं ही तिची नेहमीची रीत. मनात काही न आणता तिने हात लांब केला आणि दोरीवरची आपली जुनी ओढणी खाली ओढली.

"थांब," धनुबाई म्हणाल्या. "तुन्हं समदं बरं शे ना? लेकरंबाळं?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. कळसाडीला कोण जाऊन सांगणार होतं? पण हलीमाची जीभ खोट्याला वळत नसे, त्यापायी तिने आयुष्यात पुष्कळ भोगलं होतं.

"एक पोर व्हती," ती म्हणाली. "चालाले लागनी, नि गयी."

धनुबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी ओढणी बाजूला सारली. मग जुनेर गोळा केलं, मग वाघाचं कापड.

"वाईट नको मानू, बहिन. मन्हा जीव घाबरस. काम तं सोपं शे, छापेलच शे. मीच दोरा टाकी लेसू."

म्हणजे नुसती ओढणी नको असं नव्हतं, हलीमाचा हातही नको होता. एरवी हलीमा फटकळ. अख्खी पेठ तिच्या तोंडाला भ्यायची. पण त्या दिवशी फार लागलं तिला. पिंजलेला कापूस तिने मुकाट्याने गाठोड्यात बांधून दिला.

सलाउद्दीन मात्र तडकला. "तू बोली कायकू? चूप रहती तो क्या बिगडता?"

"बच्चा सोएगा उसपे," हलीमा म्हणाली. "उसको झूठपे सुलाऊं?"

तो कापसाकडे वळला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दारात छकडा थांबला. एक पोटुशी बाई जपून उतरली आणि काखेतलं बोचकं ओसरीवर ठेवून धापा टाकत बसली.

"मी कौसा, कळसाडीनी. मन्ही सासू गाडीमाच बठेल शे. तिले लाज वाटस."

हलीमाने बोचकं उघडलं. अगं माझे बाई! कापूस एका कोपऱ्यात गोळा झालेला, हत्तीची सोंड मुडपलेली, आणि वाघाचं तोंड असं आवळलेलं की त्याला पोटशूळ उठलाय असं वाटावं. हलीमा खो खो हसली. कौसाबाईही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"मावशी, तुम्हीच शिवा."

"तुन्ही सासूले चाली का?"

"मी सांगं तिले, मन्हं पोर, मन्ही गोधडी." तिने पदराने नाक पुसलं. "ज्यासना घरमा समदं नांदस ना, त्या माले म्हनतस, रडू नको, आखो व्हई. जशी काय वांगानी रोपं लावानी शेतस! तुमना हातले ठाऊक शे पोर म्हंजे काय ते. तोच हात माले पाहिजे."

हलीमाने बाहेर पाहिलं. छकड्यात धनुबाई बैलांच्या पाठीकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. पण गाडी हाकायलाही सांगितलं नाही.

"धर मंग ते टोक," हलीमा म्हणाली. "ताणी धर."

आधी सगळं उसवावं लागलं. मग कापूस पुन्हा सारखा पसरला. कौसाबाईने कापड ताणून धरलं आणि हलीमाने उंटाच्या चौकटीवरून पहिला दोरा घातला. एक रेघ सरळ उतरली, मग दुसरी. वाघाचा जबडा पुन्हा जागेवर आला.

"मावशी, तुमनी पोरनं नाव काय व्हतं?"

सुई कापडात अर्धी शिरून राहिली. मुलगी कशाने गेली ते लोकांनी विचारलं होतं. कुणाचं औषध दिलं, कुणाची नजर लागली, दुसरं का झालं नाही, सगळं विचारून झालं होतं. नाव कुणी विचारलं नव्हतं. घरातही ते कुणी घेत नसे.

"सालेहा," हलीमा म्हणाली.

मग तिने पुन्हा, नीट सांगितलं. "सालेहा व्हतं."

कौसाबाईने ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं आणि कापड ताणून धरलं.