फक्त गुणाकार आणि बेरीज

नीला आणि जयवंतची जोडी रोल नंबरवरून लागली होती. ती मुलुंडची, तो वाकोल्याचा. अंधेरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला त्यांनी ईसीजीसाठी खास प्रोसेसर बनवायला घेतला. मनगटाला तारा लावल्या की ठोक्यांबरोबर भिंतीतल्या विजेची गुणगुणही येते. ती गाळायला भराभर गुणाकार आणि त्यांची बेरीज करावी लागते. बाजारातल्या एटी-एटी-फाइव्ह प्रोसेसरला गुणाकार येत नाही, तो त्याऐवजी पुन्हा पुन्हा बेरजा करत बसतो. म्हणून नीलाने तेवढंच काम करणारा प्रोसेसर कागदावर उतरवला. चिप्स जयवंतने विकत आणल्या आणि बोर्डवर तारांनी जोडल्या.

परीक्षा तोंडावर आली तरी बोर्ड मध्येच अडकत होता.

“माझ्याकडे एटी-एटी-फाइव्हचं तयार किट आहे,” जयवंत म्हणाला. “चांगले ठोके आधीच मेमरीत भरून ठेवतो. स्क्रीनवर दिसले की झालं.”

“ही लबाडी आहे.”

“तुला काय गं? नापास झालीस तरी लग्न करून मोकळी. माझ्या बाबांची मिल बंद पडलीय. मला नोकरी पाहिजे.”

“मग वायरिंग नीट करायचं होतंस. निम्म्या तारा मी सोडवून पिनांना परत गुंडाळल्यात.”

त्यानंतर दोघं एका बाकावर बसले नाहीत. नीला गाइड रेडकर सरांकडे गेली, तर ते म्हणाले, “भांडणं माझ्याकडे आणू नका. रिपोर्ट एक, मार्क एक.”

परीक्षेच्या दिवशी जयवंतने आधी आपलं किट पुढे सरकवलं आणि स्वतःच्या मनगटांना तारा लावल्या. पडद्यावर सुरेख ठोके उमटले. बाहेरून आलेले परीक्षक बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून एक तार उपटली. ठोके चालूच.

“वा! तुमच्यावाचूनही तुमचं हृदय चालतं.”

जयवंतचा चेहरा उतरला.

“आणि हा बोर्ड?”

“आमचा,” म्हणत नीलाने तारा स्वतःला लावल्या. रेघ थरथरत होती, तरी ठोके ओळखू येत होते. परीक्षकांनी तार काढली आणि पडद्यावर नुसती खरखर राहिली. थोड्याच वेळात बोर्ड अडकला.

संध्याकाळी रेडकर सरांनी सांगितलं, दोघंही पास, जेमतेम.

जिन्यात जयवंतने तिला गाठलं. “तूच सांगितलंस परीक्षकांना.”

“नाही सांगितलं.”

“खोटारडी! चिप्स माझ्या आहेत.” त्याने बोर्ड हिसकावला आणि पायरीवर बसून स्क्रू ड्रायव्हरने एकेक चिप उचकटायला लागला.

“काढ. पण पाय वाकवू नकोस त्यांचे.”

त्याने मुद्दाम वाकवले. तिच्याकडे बघत.

रिकामा बोर्ड घेऊन ती घरी गेली. राग इतका होता की जेवण गेलं नाही. मग आईकडून पैसे मागून तिने नव्या चिप्स आणल्या आणि सुट्टीभर चूक शोधली. ती तिच्याच आराखड्यात होती, वायरिंगमध्ये नव्हती.

बोर्ड न अडकता चालला. जयवंतला तिने कळवलं नाही.